जुने सेल, फुगलेले मोबाइल, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या: इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या कॉलनीत आम्ही काही जण दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघरचं बंद पडलेलं इलेक्ट्रॉनिक सामान गोळा करतो आणि रजिस्टर्ड रिसायकलरच्या गाडीत चढवतो. त्या वेळी गेटवर, जिन्यात आणि व्हॉट्सअॅपवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम काही खास नाही. जे जास्त विचारलं जातं त्याला जागा जास्त दिली आहे.

इंदूरमध्ये एवढा कचरा वेगळा होतो, मग एखादा सेल सुक्यात गेला तर काय बिघडतं?

भिंतीवरच्या घड्याळातल्या साध्या सेलने आग लागत नाही, हे खरं आहे. पण गाडीवरच्या माणसाला पिशवीत साधा सेल आहे की इअरबडचा लिथियम सेल आहे, हे कसं कळणार? आपल्याकडची कचरा गाडी भरली की ट्रान्सफर स्टेशनवर जाते. तिथे कॉम्पॅक्टर तो कचरा दाबून मोठ्या कंटेनरमध्ये भरतो. लिथियम सेलच्या आत दोन थरांमध्ये अगदी पातळ पडदा असतो. दाबाखाली तो फाटला की दोन्ही थर एकमेकांना भिडतात, सेल आतून तापतो आणि पेटतो. आजूबाजूला कोरडा कागद आणि प्लास्टिक असतंच. सुक्या कचऱ्यातल्या आगींचं हे जगभर दिसणारं कारण आहे.

ओल्या कचऱ्यात सेल टाकणं तर त्याहून वाईट. देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ पासून चालू आहे. तिथून गॅसबरोबर खतही निघतं. सेलमधले धातू कुजत नाहीत, ते खतात उतरतात आणि खत शेतात जातं.

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ अशी सलग सात वेळा शहरानं पहिली जागा सोडली नाही (शेवटच्या वेळी सुरतसोबत ती विभागून मिळाली). त्यामुळे कचरा वेगळा करायची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. बॅटरी नीट सांभाळून ठेवण्याची सवय मात्र अजून कुणालाच नाही, आणि माझ्या मते खरी गडबड तिथेच आहे. ई-कचरा रोज निघत नाही. तो घरात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं पडून राहतो, तेही कपाटात, माळ्यावर, गादीखालच्या बॉक्समध्ये. तो तिथे कसा पडून आहे याकडे कुणी बघत नाही.

घरातलं नेमकं काय काय यात येतं?

मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, फ्रिज हे सगळ्यांना आठवतं. विसरलं जातं ते ड्रॉवरमध्ये. असा एक ड्रॉवर प्रत्येक घरी असतोच: तीन चार्जर, त्यातला एक कुठल्या फोनचा कुणालाच ठाऊक नाही, तुटकी इअरफोनची वायर, आजोबांच्या श्रवणयंत्राचे वापरलेले बारीक सेल, केबलवाल्याचा जुना रिमोट, ट्रिमर, गाडीची रिमोट चावी, डिजिटल थर्मामीटर, रबरबँड, आणि या सगळ्यावर सांडलेल्या सुट्ट्या पिना. हे सगळं ई-कचऱ्यात किंवा बॅटरीच्या कचऱ्यात येतं, पिना आणि रबरबँड सोडून.

आत बॅटरी आहे हे ज्यांच्याकडे बघून लक्षातच येत नाही, अशा वस्तूंवर खास नजर ठेवा. मुलांचे चमकणारे बूट, वाजणारं ग्रीटिंग कार्ड, इलेक्ट्रिक टूथब्रश, डास मारायची बॅट, बोलणारी बाहुली, ब्लूटूथ स्पीकर. वायरलेस इअरबडमध्ये एक सोडून तीन बॅटऱ्या असतात: दोन्ही कानांत एकेक आणि डबीत तिसरी.

ट्यूबलाइट, सीएफएल आणि एलईडी बल्बही यातच धरा. एलईडीत पारा नसतो, तरीही तो ई-कचराच.

वापरलेले सेल देईपर्यंत घरात कसे ठेवायचे?

एक कोरडा डबा घ्या, प्लास्टिकची जुनी बरणी उत्तम. स्टीलचा डबा घेतलात तर आत पुठ्ठा घाला, नाहीतर धातूला धातू लागून सेल शॉर्ट होतात. झाकण लावा, पण हवाबंद नको, काही सेलमधून थोडा वायू सुटतो. डबा मुलांच्या हाताला न लागेल असा, सावलीत ठेवा. गॅसची शेगडी, गीझर आणि दुपारचं ऊन येणारी खिडकी टाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा बंद खोली, गच्चीवरची पेटी आणि स्कूटरची डिकी यांतलं तापमान बाहेरच्याहूनही जास्त असतं. बॅटरीला यातलं काहीच चालत नाही.

आता चिकटपट्टी. रिमोट-घड्याळाच्या साध्या दीड व्होल्टच्या सेलना ती लावली नाही तरी फारसं बिघडत नाही. पण बटन सेल, मोबाइल-कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, यांच्या टोकांवर सेलोटेप लावल्याशिवाय त्या डब्यात टाकू नका. चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं वरच्या बाजूला जवळजवळ असतात. एखादी किल्ली, नाणं किंवा भांडी घासायची तारेची घासणी त्यांच्यावर आडवी पडली की लाल होईपर्यंत तापते. गणेशोत्सवात आणि नाटकाच्या तालमीत कॉर्डलेस माइक वापरणाऱ्या मंडळांनी हे विशेष वाचावं. दहा दिवसांचे कार्यक्रम संपले की या बॅटऱ्या एका पिशवीत कोंबल्या जातात, ती पिशवी झांजा आणि सजावटीच्या तारांच्या खोक्यात जाते आणि खोकं पुढच्या भाद्रपदापर्यंत उघडत नाही.

डब्यावर तारीख लिहा. डबा भरायची वाट बघत वर्ष काढू नका.

मोबाइल फुगलाय, मागचं कव्हर उचललं गेलंय. अजून चालतोय, तर वापरू का?

नाही. आज बंद करा.

फुगण्याचा अर्थ असा की सेलच्या आत रसायनं मोडून वायू तयार झाला आहे आणि पाकिटातून त्याला बाहेर पडायला वाट नाही. तो पुन्हा बसत नाही. चार्जिंगला लावलात तर आणखी वायू होतो. सुईनं टोचून हवा काढा असं सांगणारे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. टोचलं की आतल्या थरांचा शॉर्ट होतो आणि ज्वलनशील द्रव बाहेर येतो. पेटला तर विझायला वेळ लागतो, आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुप्फुसं जाळणारा वायू असतो.

फोन बंद केल्यावर चार्जर काढा आणि तो स्टीलच्या पातेल्यात किंवा मातीच्या कुंडीत, खाली-वर कोरडी वाळू घालून ठेवा. ते पातेलं गॅलरीत, पडदा-गादी-कागदापासून लांब. बॅटरी सहज निघणारी असेल तरच काढा. चिकटवलेली असेल तर सुरीनं उचकटू नका. फ्रीजरमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव साचतं. मग एक-दोन दिवसांत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा जेल रोडवर तुमचा नेहमीचा दुरुस्तीवाला असेल त्याच्याकडे न्या, पण त्याला आधी फोन करून सांगा. नेताना खिशात नाही, हँडलला लटकवलेल्या पिशवीत नाही, डब्यात.

लॅपटॉपचा टचपॅड वर आला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर तीच भानगड आहे. अनेक जण महिनाभर त्यावर वजन ठेवून तो बसवायचा प्रयत्न करतात. कृपा करून करू नका.

आणि पेटलाच तर?

प्लग लावलेला असेल तर आधी मेन स्विच. मोबाइल किंवा पॉवर बँकेएवढी छोटी वस्तू असेल, आणि ती भिंतीच्या विजेला जोडलेली नसेल, तर भरपूर पाणी ओता. थोडं शिंपडून उपयोग नाही, सेल आतून थंड व्हायला हवा. विझल्यासारखा दिसला तरी काही वेळानं शेजारचा सेल पेटू शकतो, म्हणून हातात घेऊ नका. स्कूटरची किंवा लॅपटॉपची बॅटरी असेल, खोलीत धूर भरला असेल, तर माणसं बाहेर, दार ओढून घ्या, आणि १०१.

इन्व्हर्टरची बॅटरी गेली. कबाडी म्हणतो "पाणी काढून द्या, मग चांगला भाव देतो". देऊ का?

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण वजनानं आणि विषानंही घरातली सगळ्यात मोठी वस्तू हीच.

ते पाणी नाही. ते सल्फ्युरिक अॅसिडचं द्रावण आहे, भरलेल्या बॅटरीत साधारण एक तृतीयांश अॅसिड. मोरीत ओतलं तर फरशी आणि पाइप खातं आणि पुढे ड्रेनेजमध्ये शिशासकट जातं. झाडाला ओतलं तर झाड जातं, आणि माती शिशानं खराब होते ती वेगळीच. बॅटरी रिकामी करून मागतो त्याचा अर्थ पुढे ती हातोड्यानं फोडली जाणार आणि शिसं उघड्या भट्टीत वितळवलं जाणार. बॅटरीच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग शिसंच असतो, म्हणून भाव मिळतो. आणि लहान मुलाच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. भट्टी आपल्या कॉलनीत नसते, कुणाच्या तरी घराशेजारी असते, एवढाच फरक.

मग काय करायचं? नवी बॅटरी जिथून घेता त्याच दुकानात जुनी द्या. महाराणी रोडवर घ्या नाहीतर घराजवळ, डीलरला जुनी परत घ्यावी लागते. ही पद्धत नवी नाही, २००१ च्या नियमांपासून चालत आली आहे. जुनीचे पैसे बिलात वजा झालेले दिसले पाहिजेत. दुकानदार "बिलाशिवाय घ्या, शंभर कमी करतो" म्हणाला तर समजा की जुनी बॅटरी कुठे जाते याचा कागद त्यालाही नकोय.

देईपर्यंत ती उभीच ठेवा, झाकणं घट्ट लावून, खाली जाड प्लास्टिकचा ट्रे. दोन्ही टर्मिनलवर रबर किंवा जाड टेप. जिन्याखालच्या जागेत ठेवली असेल तर बाजूला समई, उदबत्ती, गॅसचं सिलिंडर काही नको. हे चालू बॅटरीलाही लागू आहे: चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीत भडकतो. अनेक घरांत जागा नाही म्हणून देवघराच्या खालच्या कप्प्यात इन्व्हर्टर बसवलेला मी पाहिलाय. देवघर तसंच राहू द्या, इन्व्हर्टर हलवा.

उचलायला दोन माणसं लागतात. घरगुती ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या आसपास भरते. गिअरलेस स्कूटरच्या पायदानावर ती आडवी ठेवून नेण्याची आपल्याकडे जी कसरत चालते, तिच्याबद्दल एवढंच म्हणतो की अॅसिड पँटवर पडलं तर भोक धुतल्यावर दिसतं, आणि डोळ्यात गेलं तर लगेच.

सांडलंच तर हातमोजे घालून वरून खाण्याचा सोडा टाका. फेस येणं थांबेपर्यंत टाकत राहा, मग भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

ई-रिक्षा आणि ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांचं काय?

ई-रिक्षात बहुतेक वेळा १२ व्होल्टच्या चार लेड-अॅसिड बॅटऱ्या असतात, त्यांना वरचंच उत्तर. ई-स्कूटरची लिथियम असते. ती कंपनीच्या डीलरलाच परत द्या. क्षमता सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आलेली बॅटरी गाडीला पुरत नाही, पण सोलरची वीज साठवायला चालू शकते, म्हणून तिला किंमत असते. अडचण अशी की तपासणी न करता सेल सुटे काढून नवा पॅक "बनवून देणारे" पण आहेत. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॉवर बँक बांधणारे हौशीही त्यातच आले. प्रत्येक सेल वेगळा थकलेला असतो, आणि सगळ्यात थकलेला सेल आधी तापतो. कितीही स्वस्त पडलं तरी असा पॅक घरात चार्जिंगला लावू नये.

मुलानं बटन सेल गिळला असावा, पण नक्की माहीत नाही.

संशय पुरेसा आहे. थांबून बघू नका, एमवाय हॉस्पिटल किंवा लहान मुलांचा डॉक्टर आणि एक्स-रे असलेलं जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. वजनकाट्यात, गाडीच्या चावीत असतो तो सीआर २०३२ बघा: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, नंबरातच लिहिलेलं असतं. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो बरोबर अडकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते, तीव्र अल्कली तयार होतं, आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. सेल वापरलेला असला तरी एवढी वीज उरलेली असते.

उलटी करवू नका. खाऊ घालू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, नीट गिळू शकत असेल, आणि सेल गिळून १२ तासांच्या आत असाल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधायला वेळ मात्र घालवू नका. सेलचं पाकीट किंवा त्याच जातीचा दुसरा सेल सोबत न्या, डॉक्टरांना नंबर कळतो. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तितकाच तातडीचा.

आजी-आजोबांच्या श्रवणयंत्राचे सेल बदलले की जुना लगेच टेप लावून बरणीत. उशाजवळच्या वाटीत नको. नातवंडं सुट्टीत आली की ती वाटी पहिली सापडते.

रिमोटमध्ये सेल फुटून पांढरी पावडर जमली आहे.

हाताला लावू नका, विशेषतः डोळे चोळण्याआधी. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं आणि हवेशी मिळून त्याची पांढरी पावडर होते. हातमोजे घालून सेल काढा, कापसाला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून जागा पुसा, मग कोरड्या कापसानं. स्वस्त जस्त-कार्बन सेल गळला असेल तर चॉकलेटी-ओलसर घाण दिसते, ती आम्लधर्मी असते, तिला पाण्याने ओलावलेलं फडकं पुरतं. वापरात नसलेल्या वस्तूतून सेल काढून ठेवले की हा प्रश्न उरत नाही. गळलेला सेल छोट्या प्लास्टिक पिशवीत बांधून मग बरणीत.

ट्यूबलाइट किंवा सीएफएल फुटला.

घरच्यांना बाहेर पाठवा, पंखा बंद, खिडक्या उघड्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा. आत काही मिलिग्रॅम पारा असतो, तो वाफ होऊन पसरतो. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको. जाड कागदानं तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीनं उचला, सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि घरगुती घातक कचरा म्हणून द्या. जुन्या काळातला पाऱ्याचा थर्मामीटर आणि बीपीचं यंत्र यांनाही हेच.

जुना डब्बा टीव्ही, फ्रिज, मायक्रोवेव्ह द्यायचाय. आधी उघडून काही काढून ठेवू का?

उघडूच नका. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं आणि नळी निर्वात असते, मान तुटली की काच आत ओढली जाऊन मग बाहेर उडते. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ धक्का देण्याइतका भरलेला राहतो.

फ्रिज आणि एसीचा प्रश्न गॅसचा आहे. २०१० पासून आपल्या देशात सीएफसी या ओझोनचा थर खाणाऱ्या गॅसचं उत्पादन बंद झालं, पण त्याआधीचे फ्रिज अजून खेड्यातल्या घरी, गोदामात सापडतात. नंतरच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-१३४ए आहे. तो ओझोनला त्रास देत नाही, पण एक किलो आर-१३४ए जवळपास १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. अलीकडच्या अनेक मॉडेलमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो, आणि तो पेटतो. कबाडी तांब्यासाठी अंगणातच नळी कापतो तेव्हा "फिस्स" असा जो आवाज येतो, तो हाच गॅस. अख्खा फ्रिज अख्खाच द्या. हलवताना उभा. दार लहान मुलांपासून बांधून ठेवा.

मोबाइल द्यायचाय, पण आत फोटो आहेत, बँकेची अॅप आहेत.

यामुळेच लोक फोन देत नाहीत, आणि त्यांची भीती खोटी नाही. आधी फोटो आणि कॉन्टॅक्ट दुसरीकडे घ्या. यूपीआय आणि बँकेच्या अॅपमधून बाहेर पडा. गूगल किंवा अॅपल खातं फोनमधून काढा, आयफोनमध्ये "फाइंड माय" बंद करा, मग फॅक्टरी रीसेट. खातं न काढता रीसेट केलात तर फोन लॉक होऊन बसतो आणि पुढे कुणाच्या कामाचा राहत नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढा. दर वेळी कुणीतरी कार्ड तसंच ठेवून देतं.

कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नुसती फॉरमॅट केली तर माहिती परत काढता येते. तिच्यावर पुसून पुन्हा लिहिणारं सॉफ्टवेअर चालवा, नाहीतर डिस्क काढून घ्या आणि ड्रिलनं आरपार भोकं पाडा. फोनला मात्र ड्रिल नको, आत लिथियम बॅटरी आहे! चालू न होणाऱ्या फोनसाठी रिसायकलरकडून डेटा नष्ट केल्याचं लेखी मागता येतं. कार्यालयानं तर मागावंच.

कबाडीला नको म्हणता, पण तो बिचारा दारात येऊन पैसे देतो.

तो आपला शत्रू नाही. कागद, पत्रा, बाटल्या, लोखंडी पलंग त्याला खुशाल द्या, या शहराचा बराच माल त्याच्यामुळेच फिरतो. बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स मात्र नको.

तो जास्त देऊ शकतो, कारण सुरक्षित तोडफोडीचा खर्च त्याच्या साखळीत कुणीच करत नाही. तांब्यासाठी वायर जाळली की पीव्हीसीच्या धुरातून डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं निघतात. सर्किट बोर्ड अॅसिडमध्ये बुडवून सोनं काढतात आणि उरलेलं अॅसिड नाल्यात जातं. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद याच धंद्यासाठी ओळखलं जातं, आणि तिथे हे काम करणाऱ्यांत बायका आणि मुलंही असतात. इतकं करून यातले दोन-तीनच धातू हाती लागतात, बाकी राखेत जातात. जगात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद होऊन नीट रिसायकल झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ च्या अहवालात मांडलं आहे.

जुन्या मिक्सरचे पन्नास रुपये जास्त मिळावेत म्हणून घासाघीस करणारी मंडळी नव्या फोनच्या कव्हरला पाचशे रुपये देतात. असो.

मग इंदूरमध्ये द्यायचं कुठे?

छोट्या वस्तू आणि सेल नगर निगमच्या (महापालिकेच्या) कचरा गाडीवर. आपल्याकडे कचरा सहा प्रकारांत घेतला जातो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. मात्र पिशवी गाडीत भिरकावू नका. "यात बॅटऱ्या आहेत" असं सांगून हातात द्या. गाडीवरच्या भाऊंना ते आवडतं, आणि ते त्यासाठीचा डबा पुढे करतात. अडचण आली तर इंदौर ३११ अॅपवर तक्रार नोंदवा.

नवी वस्तू घेताना जुनी त्याच दुकानात किंवा कंपनीच्या परत-घेण्याच्या योजनेत. जास्त माल असेल तर रजिस्टर्ड रिसायकलर. त्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर आहे. "आम्ही सरकारमान्य" असं कार्ड छापायला पैसे लागत नाहीत, म्हणून यादीत नाव आहे का ते बघा, आणि पावती घ्या. पावतीवर वस्तू आणि वजन दोन्ही असावं.

कायद्यानं माझ्यावर काय बंधन आहे?

बॅटऱ्यांचे नियम २०२२ च्या ऑगस्टमध्ये आले. त्यानुसार वापरणाऱ्यानं बॅटरी घरच्या इतर कचऱ्यात मिसळायची नाही, आणि ती गोळा करणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या यंत्रणेलाच द्यायची. ई-कचऱ्याचे नवे नियम त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठी जबाबदारी उत्पादकावर आहे: जितका माल बाजारात आणला त्या हिशेबानं रिसायकल करून दाखवायचं, त्यासाठी रजिस्टर्ड रिसायकलरकडून प्रमाणपत्रं घ्यायची. तो खर्च उत्पादकाचा असतो. म्हणून "जुना टीव्ही उचलायला ग्राहकानं सरकारी फी भरायची" असं कुणी सांगितलं तर कोणत्या नियमाखाली ते विचारा.

बॅटरीवर काट मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं, तेही याच नियमांमुळे. खाली पीबी, सीडी किंवा एचजी अशी रोमन अक्षरं दिसली तर अनुक्रमे शिसं, कॅडमियम, पारा.

आमची शाळा, ऑफिस किंवा मंडळ आहे. आम्हीच गोळा केलं तर चालेल?

चालेल, पण एक-दोन दिवसांचा कार्यक्रम ठेवा, कायमची पेटी नको. कायमच्या पेटीत लोक काहीही टाकतात आणि बघायला कुणी नसतं. रिसायकलरशी तारीख आधी ठरवा, मग लोकांना सांगा. उलट केलंत की माल हॉलमध्ये पडून राहतो. टेबलावर एक माणूस टेप घेऊन बसवा. लेड-अॅसिड वेगळी, लिथियम वेगळी, साधे सेल वेगळे, ट्यूबलाइट मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात. फुगलेल्या वस्तूंसाठी वाळूची बादली बाहेर सावलीत. रात्रभर राहणार असेल तर जनरेटर, मंडपाचं कापड आणि फटाक्यांपासून लांब. दिवाळीआधी गोळा करणाऱ्यांनी हे शेवटचं दोनदा वाचा.

ज्या संस्थेकडे वर्षात कधीही नियमांच्या यादीतली एक हजार किंवा जास्त उपकरणं वापरात असतात, ती "मोठा ग्राहक" ठरते आणि तिनं ई-कचरा रजिस्टर्ड संस्थेलाच द्यावा लागतो. हजार आकडा मोठा वाटतो, पण कॉलेजच्या लॅबमधले कॉम्प्युटर, प्रिंटर, एसी, प्रोजेक्टर मोजायला बसलात की लवकर गाठला जातो.

दुरुस्त करून वापरावं की टाकावं?

दुरुस्त होत असेल तर दुरुस्तच करा. बॅटरी बदलून फोन आणखी काही वर्षं चालतो, आणि आपल्याकडे दुरुस्त करणारे हात अजून आहेत. घाई फक्त फुगलेल्या, गळणाऱ्या, जळका वास येणाऱ्या वस्तूंची. चालू फोन नात्यातल्या कुणाला देणार असाल तर आधी बॅटरी तपासून घ्या.

जुना पॉवर बँक पुण्याला भावाकडे पाठवायचाय. कुरिअरनं की विमानात बॅगेत?

खराब असेल तर कशानेही नाही, इथेच द्या. चांगला असेल तर विमानात फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इन सामानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत. मर्यादा १०० वॉट-अवरची, म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबानं साधारण २७,००० एमएएच. आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. कुरिअरवाल्याला आत बॅटरी आहे हे सांगावं लागतं, आणि बरेच जण सांगितल्यावर घेत नाहीत. "चार्जर" असं लिहून पाठवू नका.